लॉनमधली बॅग आणि ठाण्यातली रात्र : नागपुरातलं एक प्रकरण

हे प्रकरण दक्षिण नागपुरातल्या एका वस्तीतलं, नवे फौजदारी कायदे लागू झाले (१ जुलै २०२४) त्यानंतरचं. माणसांची नावं, वस्ती आणि पोलीस ठाणं मुद्दाम दिलेलं नाही. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. वस्तीतल्या कायदा मदत केंद्रात मी अर्ज लिहून देतो, त्यामुळे यातले बहुतेक कागद माझ्या हाताखालून गेले. कोणी कोणाला किती मारलं, याचा निकाल कोर्ट लावेल. संतापलेल्या वस्तीने काय मागितलं, कधी मागितलं आणि त्यातल्या कोणत्या मागणीने गाडं पुढे सरकलं, एवढंच इथे मांडतो.

पार्श्वभूमी

तुळशीचं लग्न आटोपलं की नागपुरातले लॉन, म्हणजे लग्नाची भाड्याची मैदानं, भरायला लागतात. काउंटर लावणारी, पाणी देणारी, उष्टी ताटं उचलणारी पोरं आसपासच्या वस्त्यांमधून येतात. रात्रीची रोजी आणि एक जेवण, हिशेब कॅटरर आठवड्याने करतो. या प्रकरणातला तरुण २२ वर्षांचा, असाच एका कॅटररकडे कामाला. आई चार घरची धुणीभांडी करते. मोठा भाऊ पोलीस भरतीच्या तयारीत: पहाटे मैदानावर १६०० मीटर, मग १०० मीटर, मग गोळाफेक, आणि दिवसभर किराणा दुकानात काम. हा भाऊ लक्षात ठेवा, पुढे सगळं त्याच्यापाशी येऊन अडतं.

एका लग्नात वधूकडची दागिन्यांची बॅग दिसेनाशी झाली. तक्रार झाली, ठाण्याच्या डीबी (गुन्हे शोध) पथकाने कॅटररकडून कामावरच्या पोरांची यादी घेतली. दुसऱ्या रात्री साडेदहाच्या सुमारास साध्या कपड्यातले दोघे मोटरसायकलवर घरी आले. "साहेबांनी बोलावलं, पाच मिनिटांत सोडतो." तरुण चप्पल घालून त्यांच्या मागे बसून गेला. आई आणि भाऊ मागोमाग ठाण्यात पोचले, तर "इथे असा कोणी नाही, सकाळी या" म्हणून त्यांना फाटकाबाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी बॅग सापडली. वधूच्या मामाच्या गाडीच्या डिक्कीत, साड्यांच्या खोक्याखाली. तरुणाला तासाभरात सोडलं. सोडताना एका लिहिलेल्या कागदावर सही घेतली. काय लिहिलंय ते वाचू दिलं नाही. भावाने त्याला ऑटोत घालून घरी आणलं, कारण त्याला पाऊल टेकवता येत नव्हतं आणि चप्पल पायात जात नव्हती.

अडचण नेमकी कुठे होती

मारहाण झाली ही एक गोष्ट. पण कागदावर तो तरुण ठाण्यात गेलाच नव्हता, आणि खरी अडचण तीच होती.

अटक झालेल्या माणसासाठी कायद्यात बरंच काही आहे. डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये अकरा सूचना घालून दिल्या: अटकेचा पंचनामा, त्यावर घरच्या किंवा परिसरातल्या माणसाची सही, नातेवाइकाला कळवणं, वैद्यकीय तपासणी, पोलिसाच्या छातीवर वाचता येईल अशी नावाची पट्टी. यातलं पुष्कळसं नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या) आहे: कलम ४७ मध्ये अटकेचं कारण सांगणं, ४८ मध्ये घरच्यांना कळवणं, ५३ मध्ये डॉक्टरी तपासणी, ५८ मध्ये चोवीस तासांची मर्यादा. पण हे सगळं अटक दाखवली तरच कागदावर येतं. न दाखवताच आणलं आणि न दाखवताच सोडलं, तर यातल्या एकाही कलमाचा कागद तयार होत नाही. ज्याला आपण "उचललं" म्हणतो, ते नेमकं असं असतं.

ठाण्याचं म्हणणं तयार होतंच: चौकशीसाठी बोलावलं, दहा मिनिटं बोललो, सोडून दिलं, पुढे तो गाडीवरून पडला. आमच्या केंद्राच्या वकील ताईंनी त्यावर पहिल्याच दिवशी जो प्रश्न काढला तो शेवटपर्यंत उपयोगी पडला. चौकशीला बोलावलं असेल तर लेखी आदेश कुठे आहे? साक्षीदार म्हणून बोलावायचं तर कलम १७९ खाली लेखी आदेश लागतो. संशयित म्हणून, तर चोरीसारख्या, सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात कलम ३५(३) ची नोटीस लागते. अर्नेश कुमार निकालापासून, म्हणजे २०१४ पासून, हे पक्कं आहे. दोन्हींपैकी काहीच नसेल, तर रात्री साडेदहाला त्याला घरून नेलं ते कोणत्या अधिकारात?

समोर असलेले पर्याय

तरुण घरी आला त्या दुपारी घरापुढे पंचवीस-तीस माणसं जमली होती आणि प्रत्येकाकडे एक सल्ला होता.

माजी नगरसेवकाच्या माणसाचं म्हणणं, ठाणेदाराशी बसून मिटवून टाकू. औषधपाण्याचे पैसे मिळतील, वरून पन्नास हजार मिळवून देतो. शेजारच्या काकूंचं म्हणणं, हळद लावा, शेक द्या, पोट्टं जिवंत आलं हेच खूप. वस्तीतल्या तरुणांना त्याच रात्री ठाण्यावर जायचं होतं. वकील ताई फोनवर म्हणत होत्या, आधी दवाखाना, बाकी सगळं नंतर. आणि दोघंतिघं जाणते लोक म्हणत होते, थोडं थांबा, हिवाळी अधिवेशन तोंडावर आहे, तेव्हा मोर्चा काढला तर मंत्र्याच्या कानावर जाईल.

यातला एकही सल्ला वेड्यासारखा नव्हता. मिटवून टाकणंसुद्धा नव्हतं. ज्या घरात एक पोरगं भरतीच्या रांगेत उभं आहे, त्याने पोलिसांशी वैर घेऊ नये असं वाटणाऱ्या माणसाला मी भित्रा म्हणणार नाही. आईने मात्र पैशाचा विषय तिथल्या तिथे तोडला. "मले पैसे नको. माह्या पोट्ट्यानं बॅग नेली नव्हती, हे त्याहीनं लिहून द्यावं." तिला हवं होतं ते एवढंच, आणि तेच द्यायला सगळ्यात जड गेलं असतं.

पहिला निर्णय : दवाखाना

संध्याकाळी त्याला मेडिकलच्या, म्हणजे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या दवाखान्याच्या, अपघात विभागात नेलं. आधी गल्लीतल्या डॉक्टरकडे न्यायचं चाललं होतं; तिथे इंजेक्शन मिळालं असतं, कोर्टात चालणारी मेडिको-लीगल नोंद मिळाली नसती.

अपघात विभागातल्या पोलीस चौकीतला शिपाई कागद भरताना "पडून मार" असं लिहीत होता. भाऊ तिथे अडून बसला. वाद न घालता त्याने ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरला एकच विनंती केली: पेशंट स्वतः काय सांगतो ते त्याच्याच शब्दांत लिहा. डॉक्टरने लिहिलं, "पोलिसांनी पट्ट्याने व काठीने मारल्याचे रुग्ण सांगतो." पुढे मॅजिस्ट्रेटने हे एक वाक्य आदेशात उतरवून घेतलं.

जखमांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण असल्या प्रकरणात लोक फोटो काढतात आणि ते निरुपयोगी ठरतात. काठीचा वळ मधोमध फिकट असतो आणि दोन्ही कडांना लाल समांतर रेघा उठतात. पडून खरचटलेल्या जागी असं सहसा होत नाही. या तरुणाच्या मांड्यांच्या मागे अशा जोडरेघा होत्या आणि दोन्ही तळपाय टम्म सुजलेले. गाडीवरून पडलेल्या माणसाचे गुडघे, कोपरं, तळहात सोलतात. याचे तिन्ही स्वच्छ. वकील ताईंच्या सांगण्यावरून भावाने फोटो काढताना प्रत्येक वळाशेजारी शाळेतली पंधरा सेंटीमीटरची पट्टी धरली, एक फोटो जवळून आणि एक चेहरा दिसेल असा लांबून. वळाचा रंग रोज बदलतो, लालाचा निळा-जांभळा, मग हिरवट, मग पिवळा. म्हणून दिवसाआड तेच फोटो पुन्हा काढले. मार नेमका कोणत्या रात्रीचा हे रंगावरून ठरत नाही, पण तो ताजा की जुना याचा ढोबळ अंदाज त्यातून आला.

दुसरा निर्णय : त्याच रात्रीचा मोर्चा

भाऊ मेडिकलमध्ये असतानाच वस्तीतली दोनेकशे माणसं ठाण्यावर गेली. घोषणा झाल्या, कोणीतरी चौकात टायर जाळलं, पाऊण तास चक्का जाम झाला. दगड पडला नाही, एवढं श्रेय वस्तीतल्या बायकांचं. त्या पुढे उभ्या राहिल्या आणि पोरांना मागे ढकलत राहिल्या. भाऊ दवाखान्यातून थेट तिथे आला आणि फाटकाशी उभा राहून माइकवर बोलला.

ठाणेदार बाहेर आले. "काय पाहिजे तुम्हाला?" गर्दीने एका आवाजात सांगितलं: निलंबन. रात्री अकराला वरिष्ठांशी बोलून दोघा कर्मचाऱ्यांना नियंत्रण कक्षाशी संलग्न केल्याचं जाहीर झालं, दोन दिवसांनी निलंबनाचा आदेशही निघाला. पेढे वाटले नाहीत, पण वाटावेत असं वातावरण होतं. पुढच्या बैठकीला निम्मीसुद्धा माणसं आली नाहीत.

माझं मत इथे स्पष्ट सांगतो. निलंबन ही प्रशासनाला देता येण्याजोगी सगळ्यात स्वस्त वस्तू आहे. चौकशी होईपर्यंतचं निलंबन ही शिक्षा नसते. निलंबित कर्मचाऱ्याला निर्वाह भत्ता मिळतो, मुदतीने आढावा होतो, आणि गुन्हा दाखल नसेल तर तो सन्मानाने परत येतो. त्या रात्री फाटकापुढे दोनशे माणसं होती. तेवढ्या बळावर एक पोच मागता आली असती: "तक्रार मिळाली", खाली शिक्का आणि वेळ. ती कोणी मागितलीच नाही.

आणि त्याच रात्री स्टेशन डायरीत दुसरी नोंद झाली. बेकायदा जमाव, रस्ता अडवणं आणि महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखालचा मनाईभंग, अकरा जणांवर गुन्हा. यादीत पहिलं नाव भावाचं. माइकवर बोलणारा तोच होता, व्हिडिओ ठाण्याकडेच होता.

म्हणजे मारहाण झालेल्या तरुणाची तक्रार अजून नोंदलेली नाही आणि त्याचा भाऊ आरोपी. चार दिवसांत माजी नगरसेवकाचा माणूस पुन्हा आला, या वेळी पैसे न घेता. तुम्ही तुमचं सोडा, ते त्यांचं सोडतील.

तिसरा निर्णय : मागणी बदलणं

बैठकीत जे पंधरा-वीस उरले त्यांनी वकील ताईंसोबत बसून मागण्या पुन्हा लिहिल्या. आता त्या तीन होत्या. तक्रारीवरून गुन्हा नोंदवा. ठाण्याचं सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवल्याचं लेखी कळवा. तपास दुसऱ्या यंत्रणेकडे द्या.

सीसीटीव्हीचा मुद्दा सगळ्यात घाईचा होता. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी सांगितलं की प्रत्येक ठाण्यात फाटक, आत-बाहेर जायची सगळी दारं, व्हरांडे, कोठड्या, ठाणेदाराची खोली अशा सगळ्या जागी कॅमेरे हवेत, आणि चित्रण अठरा महिने, जमत नसेल तर निदान एक वर्ष टिकायला हवं. प्रत्यक्षात "हार्ड डिस्क भरली", "त्या दिवशी कॅमेरा बंद होता" ही उत्तरं नवीन नाहीत. म्हणून अर्ज ठाण्यात दिला, उपायुक्तांना दिला आणि स्पीड पोस्टानेही पाठवला. अर्जात मारहाणीचं चित्रण मागितलंच नाही. डीबीच्या मागच्या खोलीत कॅमेरा नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं. मागितल्या त्या दोन वेळा: रात्री साडेदहा ते अकरा फाटक, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी एक ते दोन व्हरांडा. आत जाताना तो चालत गेला आणि बाहेर येताना भिंत धरत आला, एवढं दिसलं तरी "दहा मिनिटांत सोडलं" आणि "पुढे गाडीवरून पडला" ही दोन्ही वाक्यं कोसळतात. ठाण्यासमोरच्या पानठेल्याच्या मालकाकडेही कॅमेरा होता. त्याने आधी नाही म्हटलं, मग एका संध्याकाळी भावाला बोलावून पेन ड्राइव्ह हातात ठेवला आणि "माझं नाव कुठे नको" म्हणाला.

आंदोलन कुठे करायचं, यावर बैठक बरीच लांबली. अधिवेशनाचा मोह मोठा होता. नागपूरकरांना डिसेंबर म्हणजे मोर्चे, टेकडी रोडवर मोर्चे अडवणारे कठडे आणि यशवंत स्टेडियमचे मंडप. पण वस्तीतल्या एका आजोबांनी हात वर केला. २३ नोव्हेंबर १९९४ ला, नागपुरात गोवारी समाजाच्या मोर्चात चेंगरून ११४ माणसं गेली तेव्हा, ते तिथे होते. "कठड्यापाशी बायका-लेकरं उभी करू नका," एवढंच ते म्हणाले. दुसरं कारण व्यवहाराचं होतं. अधिवेशनात शेकड्याने मोर्चे येतात, चाळीस माणसांकडे कोण बघणार? आणि तेवढे दिवस सगळे अधिकारी बंदोबस्तात असतात, निवेदन घ्यायला टेबलावर कोणी नसतं.

म्हणून अधिवेशनाच्या आधी, रीतसर परवानगी घेऊन, संविधान चौकात धरणं धरलं. माणसं चाळीसच्या आसपास. पुढे आई आणि वस्तीतल्या बायका, मागे तीन मागण्यांचा एकच फलक. घोषणा कमी, दर तासाला मागण्यांचं जाहीर वाचन. चौथ्या दिवशी उपायुक्तांनी शिष्टमंडळाला बोलावलं आणि चित्रण सुरक्षित ठेवल्याचं पत्र दिलं. गुन्हा नोंदवण्याचं आश्वासन दिलं नाही. एका आमदाराने अधिवेशनात प्रश्न देण्याचं कबूल केलं. तो पटलावर आला नाही.

कोर्टाचा रस्ता

ललिता कुमारी निकालाने (२०१३) दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवणं बंधनकारक केलं आहे. तरी ठाण्याने घेतली नाही. कलम १७३(४) प्रमाणे उपायुक्तांकडे लेखी तक्रार गेली, तिथेही काही झालं नाही, मग मॅजिस्ट्रेटकडे अर्ज. नव्या संहितेत कलम १७५(४) हा नवा टप्पा आला आहे: सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याची तक्रार असेल तर मॅजिस्ट्रेट आधी वरिष्ठाचा अहवाल मागवू शकतात आणि त्या नोकराचं म्हणणं ऐकतात. वकील ताईंनी युक्तिवाद केला की तळपायावर मारणं हे कर्तव्यात बसतच नाही, म्हणून साधं १७५(३) लावा, म्हणजे थेट तपासाचा आदेश द्या. मॅजिस्ट्रेटनी तरीही अहवाल मागवला. त्यात अडीच महिने गेले.

याच काळात एक धोका टळला. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये, अधिकाराच्या नावाखाली केलेल्या कृत्याबद्दलच्या खटल्याला सहा महिन्यांची मुदत आहे. त्यापलीकडे सरकारच्या मंजुरीचा फेरा सुरू होतो. धरणं, निवेदनं, आश्वासनं यांत सहा महिने सहज निघून जातात. हा अर्ज पाचव्या आठवड्यातच दाखल झाला होता.

निष्पत्ती

अहवालात पुन्हा "पडून दुखापत" आलं. मॅजिस्ट्रेटनी मेडिकलची नोंद, पट्टी धरून काढलेले फोटो आणि व्हरांड्याचं चित्रण समोर ठेवून गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. निलंबित दोघांवर दुखापत, बेकायदा अटकाव आणि न्याय संहितेचं (जुन्या भारतीय दंड संहितेच्या जागी आलेल्या) कलम १२०, म्हणजे कबुलीसाठी मारहाण, सात वर्षांपर्यंतची शिक्षा. तपास दुसऱ्या विभागाच्या सहायक आयुक्तांकडे आहे. फाटकाच्या चित्रणातला चाळीस मिनिटांचा तुकडा गायब निघाला. पानठेल्याचा पेन ड्राइव्ह त्या जागी कामी आला. दोषारोपपत्र अजून दाखल व्हायचं आहे.

किती काळ लागेल? नागपुरातल्याच १९९३ मधल्या एका कोठडीमृत्यू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांची शिक्षा तीन वर्षांवरून सात वर्षांवर नेली ती सप्टेंबर २०१८ मध्ये. हे आईला सांगावं का, यावर आमच्यात मतभेद होते. वकील ताईंनी सांगितलं. आई म्हणाली, "तोवर म्या जगली तर पाहीन."

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या रात्री ठाण्यावर जाऊ नका, असं मी म्हणणार नाही. त्या गर्दीमुळेच दुसऱ्या दिवसापासून त्या घराशी पोलीस जपून वागले, हे वस्तीतला कोणीही सांगेल. पण मागणी निलंबनाऐवजी तक्रारीच्या पोचपावतीची हवी होती. चक्का जामाने नुकसान जास्त झालं: वाहतूक पाऊण तास अडली आणि खटला वर्षानुवर्षांचा मागे लागला. आणि माइकवर भाऊ नको होता. घरातल्या ज्या माणसाची नोकरी चारित्र्य पडताळणीवर अडते, त्याने दवाखान्याचे कागद सांभाळावेत, बोलणारे दुसरे मिळतात.

तरुणाला आणायला गेलेल्या भावाने सहीच्या कागदाची प्रत तिथेच मागायला हवी होती. ती मिळाली नसती, पण नाकारल्याची वेळ आणि नाकारणाऱ्याचं वर्णन लिहून ठेवता आलं असतं. तो कागद ठाण्याने कोर्टात दाखल केला: "माझी काही तक्रार नाही." त्यावर तारीख आहे, वेळ नाही, आणि सध्या बचावाचा सगळा भर त्याच्यावरच आहे.

विभागीय पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे अर्ज उशिरा केला. अशी प्राधिकरणं नेमा असं सांगणारा सर्वोच्च न्यायालयाचा प्रकाश सिंग निकाल २००६ चा, महाराष्ट्राने त्यासाठी कायदा दुरुस्त केला २०१४ मध्ये. तिथे वकील लागत नाही, म्हणून हा अर्ज दवाखान्याच्या पाठोपाठ जायला हरकत नव्हती. तो कोणालाच आठवला नाही. राज्य मानवी हक्क आयोगाकडची तक्रार एका वर्षाच्या आत करावी लागते, ती वेळेत गेली आहे.

भावाचं काय

अकरा जणांवरचा गुन्हा कायम आहे. भरतीच्या अर्जात प्रलंबित गुन्ह्याचा रकाना असतो. तो लपवला तर निवड झाल्यावरही नोकरी जाऊ शकते, भरला तर पडताळणीत प्रश्न उभा राहतो. भावाने तो खरा भरला. मैदानी चाचणीत त्याला चांगले गुण मिळाले, लेखीचा निकाल यायचा आहे.

आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याचे शासन निर्णय राज्यात वेळोवेळी निघतात, जीवितहानी नसावी वगैरे अटींवर. पुढचा निर्णय कधी निघेल आणि त्यातल्या तारखेत हे प्रकरण बसेल का, हे कोणाच्या हातात नाही. म्हणून वकील ताईंनी हा गुन्हा रद्द करण्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२८ खाली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जायचं ठरवलं आहे. भाऊ म्हणतो अकराही जणांचा एकत्र अर्ज करू. त्यातल्या दोघांनी अजून वकीलपत्रावर सही केलेली नाही.